खालच्या अक्कलदाढेचं गाणं

दातांच्या डॉक्टरांचं गाणं तेवीस वर्षं पहिल्याच ओळीवर अडून बसलं होतं. मुलगी पाळण्यात असताना त्यांनी तिच्यासाठी एक ओळ रचली, 'तू जागी झालीस की घर जागं होतं', तिला झकास चाल लावली आणि बायकोला सांगितलं, "बाकीचं रविवारी पुरं करतो." त्यानंतर हजारभर रविवार आले नि गेले. आता येत्या रविवारी सकाळी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली होती, आणि त्याच्या आत गाणं तिच्या हातात ठेवायचंच, असं डॉक्टरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

गाडं अडलं होतं ते त्यांच्या नियमापायी. एकदा गायलेली ओळ पुन्हा घ्यायची नाही. हल्लीच्या गाण्यांचा त्यांना संताप यायचा तो याचसाठी. "एक ओळ सापडली की तीच सोळा वेळा! खाली धाडधाड! याला काय गाणं म्हणायचं?" असं ते दवाखान्यात रोज विचारत. तिथे कुणी वाद घालत नसे, कारण वाद घालायला तोंड लागतं आणि ते डॉक्टरांच्या ताब्यात असे.

बुधवारी खुर्चीत निवृत्त हेडमास्तर होते. खालची उजवी अक्कलदाढ. मशीन घुर्रकन सुरू झालं आणि डॉक्टरांना एकदम दुसऱ्या ओळीची चाहूल लागली. हात मोज्यांत अडकलेले. ते ओरडले, "ताई, माझा फोन! रेकॉर्डिंग लावा, लवकर!"

रिसेप्शनवरच्या ताई धावत आल्या. डॉक्टरांनी पहिली ओळ गायली. दुसरी येईना. तिला गाठायला पहिली पुन्हा गायली, मग पुन्हा. भूल जरा कमी पडली होती, त्यामुळे दर ओळीच्या शेवटी मास्तर "आँऽऽ" करत होते. शेवटी दाढ निघाली, ओळ काही निघाली नाही.

त्या रेकॉर्डिंगने फोन गच्च भरला. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांनी तो मुलीपुढे ठेवला. "जरा मोकळा करून दे गं. कचरा असेल तो काढून टाक." इथेच घात झाला.

शनिवारी दवाखान्याच्या बाकावर एक बाई मोबाईलवर गाणं ऐकत बसल्या होत्या. आतून डॉक्टर तरातरा बाहेर आले. "बंद करा आधी ते! ऐका, ऐका, तीच ओळ! पुन्हा तीच! अहो, ज्याने हे केलंय त्याला पुढचं काही सुचतच नसणार!"

"पण छान आहे हो," बाई म्हणाल्या. "आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी आहे. आणि हे मधलं तर ऐका..."

"आँऽऽ," मोबाईल म्हणाला.

डॉक्टर जागच्या जागी थिजले. ठोक्यांच्या गदारोळात त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नव्हता, स्वतःची ओळसुद्धा नाही. पण धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस तो. "ही खालची उजवी अक्कलदाढ," ते पुटपुटले. "भूल कमी पडलीय... अरे देवा, हे तर मास्तर!"

दुपारी ते घरी आले ते फणफणतच. मुलगी बॅग भरत होती.

"हे काय करून ठेवलंस?"

"ठोका टाकला फक्त. मैत्रिणींना पाठवलं, त्यांनी पुढे पाठवलं. मास्तरांना आधी विचारलं हं मी. ते म्हणाले, गायक म्हणून माझं नाव घाल."

"अगं, एकच ओळ बारा वेळा घेतलीस!"

"मी चारदाच घेतली, बाबा. बाकीच्या आठ तुझ्याच आहेत."

आतून बायको म्हणाली, "अहो, गाणं एकदाचं पुरं झालं ना? मग घ्या की गोड मानून!"

"पुरं कुठे झालंय?" डॉक्टर मटकन पलंगावर बसले. "तुला नीट गाणं द्यायचं होतं गं. तेवीस वर्षांत एवढंही जमलं नाही मला."

मुलीने घडी घातलेला शर्ट खाली ठेवला आणि ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "रोज सकाळी तू हीच ओळ म्हणत मला उठवायचास. दुसरी ओळ आहे, हे मला माहीतच नव्हतं."

रविवारी ती गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सवयीने तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, ओळ ओठांवर आली, आणि नीट लावलेला पलंग बघून तसेच परत फिरले. त्यांनी चहाचा कप हातात घेतला. इतक्यात फोन वाजला.

"बाबा! गजराला तुझंच गाणं लावलं होतं. मास्तर असे काही ओरडले की अख्खं वसतिगृह जागं झालं! आता सगळ्या माझ्या खोलीत जमल्यात. विचारताहेत, पुढची ओळ काय?"

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि घसा साफ केला.

"तीच," ते म्हणाले. "पुन्हा म्हणायची."