दस्तगीरमामांची हुकमी डबी

दस्तगीरमामांच्या टेबलावर कोणी छत्री धरलेली त्यांना खपत नाही. तहसील कचेरीच्या आवारात आम्ही शेजारी बसतो. मी अर्जलेखक या नात्याने झाडाखाली, ते भर उन्हात. वाहन कोठे आहे हे उपग्रहांवरून ताडणारी जीपीएसची डबी ते ट्रक-ट्रॅक्टरांना बसवतात. डबी आधी टेबलावर ठेवून पारखायची, आणि कोणी वाकून पाहू लागला की ओरडायचे, "पावणं, सरका की! आभाळ आडवलंसा!" एकदा खुद्द नायब तहसीलदारांना त्यांनी छत्री मिटावयास लावली.

सदर डबीला बटण नसते. तिच्या सिमकार्डावर मोबाईलवरून मजकूर धाडायचा. ठिकाण कोणाला कळवायचे, किती वेळाने कळवायचे, सारे हुकमाने. मामा प्रत्येक हुकूम मोठ्याने म्हणत टाइप करतात आणि उत्तर आले की समाधानाने सांगतात, "व्हय म्हनाली." लेखनव्यवसायातील जाणकार म्हणून मी सुचवले, की आरंभी 'विनंती अर्ज' असे असावे. माझ्या शब्दास मान देऊन त्यांनी तसेही धाडले. डबी गप्प.

"नाना, तिला एक अक्षर जास्त चालत न्हाय. तुमचा मायना संपस्तोवर ट्रक बेळगावात पोचतोय!"

असा अधिकार मी मोठमोठ्या साहेबांच्या ठायीही पाहिलेला नाही. तथापि त्यांच्या थोरल्या मुलावर, अस्लमवर, तो चालला नाही. याच टेबलावर काम शिकलेला तो, "तुमच्या टेबलाला चिकटून म्हातारा व्हायचं न्हाय मला," असे बोलून गडहिंग्लजच्या एका मालकाचा ट्रक चालवावयास गेला. तेव्हापासून तो बापाचा फोन उचलत नाही. मात्र त्या ट्रकला डबी मामांनीच बसवलेली. रोज दुपारचा चहा आला की मामा तिला ठिकाण विचारतात, "निपाणी," असे काहीसे पुटपुटतात आणि मगच कप उचलतात.

परवा उत्तर आले नाही. मामांनी पुन्हा विचारले, पुन्हा विचारले. चहावर साय धरली. शिरोळचे एक गिऱ्हाईक कुरकुरले, "मामा, माझ्या ट्रॅक्टरचं बगा की!" ते त्यांच्या कानीच गेले नाही. सांत्वनार्थ मी म्हणालो, "वैतागून डबीची तार उपटली असेल पोराने." मामांनी तोंड फिरवले.

कचेरी सुटता सुटता मोबाईल वाजला. "गगनबावडा," मामा म्हणाले, आणि कप जवळ ओढला. "घाटात रेंज नव्हती."

मी विषय सोडला नाही. "डबी कोठे दडवली आहे, हे अस्लमला ठाऊक नसणार."

"ठाऊक नसंल? मीच शिकिवलंय त्येला. डोळं झाकून तार काढंल त्यो." गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि रिकाम्या कपात पाहत म्हणाले, "काढली न्हाय, नाना. अजून काढली न्हाय."