पासावरचे केस

बाटली उलटी करून तळहातावर तीनदा आपटली, तरी थेंब निघाला नाही, तेव्हा निशिगंधा देवल न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मटकन बसली. बाटली दाढी चापून बसवायच्या फिक्सरची होती. निशिगंधाला अर्थातच दाढी नव्हती. केस होते, आणि ते कुरळे होते.

कुरळे म्हणजे कपाळावर लाडिकपणे रुळणारे नव्हेत. मुळापासूनच वेटोळी घेत निघायचे आणि ऑगस्टच्या दमट हवेत फुगून कानांच्या दोन्ही बाजूंना पसरायचे. सांगलीच्या शाळेत पोरी तिला ‘सुगरणीचा खोपा’ म्हणायच्या. हवाई दलात असलेल्या जयंतची, म्हणजे नवऱ्याची, चंडीगडला बदली झाली आणि तिला कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टची तात्पुरती नोकरी लागली, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, इथं आपल्याला कोणी ओळखत नाही, तेव्हा इथं आपले केस सरळ. शेजारच्या हरबन्स भाभींनी आपल्या सरदारजींच्या कपाटातून बाटली काढून दिली. रोज सकाळी ओल्या केसांना फिक्सर, त्यावर तासभर घट्ट फडकं आणि मग चोपून अंबाडा. आठ महिने कोणाला पत्ता लागला नाही. कचेरीच्या पासावरचा फोटोसुद्धा त्याच अवतारातला.

आणि आज, नेमकी आजच, बाटली संपली होती. आदल्या दिवशी बंद होता, एकाही दुकानाची फळी उघडली नव्हती. हरबन्स भाभी पिंजौरला बहिणीकडे अडकलेल्या. साडेदहाला टायपिंगची परीक्षा. पास झाली तर नोकरी कायम, हुकली तर महिनाअखेर हातात नारळ.

“अगं, तशीच जा ना. छान दिसतंय,” जयंत म्हणाला.

“तुम्हाला काय जातंय म्हणायला!”

तिनं अर्धी वाटी खोबरेल आणि बावीस पिना डोक्यात घातल्या. स्कूटरवर मागे बसल्यावर वाऱ्यानं त्या एकेक करून सोडवल्या. फाटकाशी उतरली तेव्हा चार उरल्या होत्या आणि त्यांचाही काही उपयोग नव्हता.

वाळूच्या पोत्यांमागे उभ्या असलेल्या जवानानं पास घेतला. फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

“ये आप नहीं है.”

त्या हिंदीवरून तिनं लगेच ओळखलं. “मराठी का हो तुम्ही?”

“व्हय. विश्राम पाटील. कराडकडचा.”

“अगंबाई! मी सांगलीची. सोडा की मग!”

विश्रामचा चेहरा आणखीच कडक झाला. “ताई, आता तर सोडताच येत न्हाई. उद्या म्हंतील, गाववाली बघितली आन् सोडली. वरनं ऑर्डर हाय, फोटोतलं मानूस आन् म्होरचं मानूस येक दिसलं पायजे.”

“अहो, मीच आहे ती!”

“सगळी तसंच म्हंतात.”

मागे रांग वाढत होती. शेवटी विश्रामनं आत फोन लावला आणि ओळख पटवायला तिचे साहेब, रघुवीर शर्मा, खाली आले. बरोबर तिच्या शेजारच्या टेबलावरची सरला. निशिगंधाच्या जिवात जीव आला. तो फार वेळ टिकला नाही.

शर्मासाहेबांनी चष्मा पुसला. “ना जी. ये हमारी देवल मैडम नहीं हैं. उनके बाल तो बिल्कुल सीधे हैं.”

“सर, आवाज़ तो वही है,” सरला चाचरत म्हणाली.

“आवाज़ का क्या है? आवाज़ तो आजकल कोई भी निकाल लेता है.”

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. आठ महिने जे झाकून ठेवलं, ते आता चाळीस माणसांच्या रांगेसमोर, तेही हिंदीत, सांगायचं होतं.

“सर, मैं ही हूँ. मेरे बाल ऐसे ही हैं. वो... चिपकाती थी मैं.”

“किस चीज़ से?”

“दाढ़ी के फिक्सर से.”

रांगेत मागपर्यंत खसखस पिकली. निशिगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगावी आणि आपल्याला केसांसकट पोटात घ्यावं, असं तिला वाटलं.

रांगेतले एक म्हातारे सरदारजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून छोटी बाटली काढून पुढे केली. “लो पुत्तर. इसमें शरम कैसी? हम तो रोज़ लगाते हैं.”

मग फाटकापाशीच केशरचना सुरू झाली. विश्रामनं पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणला. सरलानं ओढणी सोडून पट्टी केली. निशिगंधा वाळूच्या पोत्यावर बसली आणि रांगेतल्या दोन बायकांनी तिचं डोकं ताब्यात घेतलं. बाटलीत होता तेवढा फिक्सर डाव्या बाजूलाच संपला. डावीकडे आठ महिन्यांची देवल मॅडम, उजवीकडे सांगलीचा खोपा.

विश्रामनं फोटोच्या अर्ध्या भागावर अंगठा ठेवला. “डावी जुळतीया, साहेब. उजवी न्हाई जुळत.” मग त्याला आठवलं, की साहेबांना मराठी येत नाही. “आधा मैच है.”

शर्मासाहेबांनी आधी फोटो आणि मग तिची डावी बाजू पाहिली. “आधी तो अपनी ही है,” असं म्हणून त्यांनी सही केली.

निशिगंधा धावत वर गेली आणि परीक्षेत पास झाली. मान वर करायची सोय नसल्यामुळे तिनं यंत्रावरून नजर काढली नाही, तिच्या कागदात दोनच चुका निघाल्या. नोकरी कायम झाली. पण पुढचे आठ दिवस ती जेवणाच्या सुट्टीतही टेबलावरून उठली नाही. जिन्यात कोणी हसलं, की आपल्यालाच हसलं असं तिला वाटायचं. बाजार उघडल्याबरोबर तिनं फिक्सरच्या तीन बाटल्या आणल्या आणि अंबाडा पुन्हा पूर्वीसारखा घट्ट बसला.

या प्रकरणाची वर दखल घेतली गेली. फाटकावर नवी ऑर्डर आली, यापुढे केसही तपासावेत. विश्राम ऑर्डर अक्षरशः पाळणारा माणूस होता.

नवव्या दिवशी फोन वाजला. सरला रजेवर होती, निशिगंधानं उचलला.

“ताई, जरा खाली या. येक जन म्हंतोय मी शर्मा. पर मी केस तपासाया गेलो तर सगळं माझ्या हातातच आलं.”

ती खाली गेली. खरं सांगायचं तर जिना उतरताना तिला बरं वाटत होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. ना जी, हमारे साहब के तो बाल हैं.

फाटकाशी शर्मासाहेब डोक्यावर फाईल धरून उभे होते. रांग तोंडावर हात ठेवून हसत होती. साहेबांचे कान लालबुंद झाले होते आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. निशिगंधाचे कान आपोआप तापले. आपण पुन्हा त्या वाळूच्या पोत्यावर बसलोय असं तिला वाटलं आणि ठरवलेलं वाक्य तिनं सोडून दिलं.

“हेच आमचे साहेब,” ती म्हणाली.

“नीट बघा ताई. फोटोत तर चांगलं दाट केस हाईत.”

“मला बघायची गरज नाही. सही कुठं करू ते सांगा. आणि ते केस द्या इकडे.”

दोघं जिना चढू लागली. मधल्या वळणावर साहेबांनी केसांचा टोप चढवला. तो वाकडा बसला, काढून पुन्हा चढवला, तरी वाकडाच.

“मैडम,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “अंदर सबको दिख जाएगा.”

निशिगंधानं दाराकडे पाहिलं. आतून टायपरायटरांचा खडखडाट येत होता.

“एक मिनट, सर,” ती म्हणाली. तिनं अंबाड्यातल्या पिना एकेक करून काढल्या, पर्समध्ये टाकल्या आणि दहाही बोटं केसांत घालून सगळे मोकळे केले. दमट हवेला तेवढंच हवं होतं. लाजेनं तिचा चेहरा लाल झाला होता.

“अब चलिए. मेरे पीछे-पीछे आइए.”

तिनं दार ढकललं. खोलीतली सगळी यंत्रं एकदम थांबली आणि सगळी डोकी वर झाली. शर्मासाहेब तिच्या मागून आपल्या खुर्चीपर्यंत गेले, बसले, त्यांनी फाईल उघडली. त्यांच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.