शाळेचा जावई

धनसिंगने बेबाच्या डब्यातली दशमी उचलली, अर्धी तोंडात कोंबली आणि वर स्वतःचं दप्तरही तिच्याच गळ्यात अडकवलं. पुन्हा पुन्हा चौथीतच बसणाऱ्या या वीराला दुसरीतल्या पोरींवर मर्दुमकी गाजवायला भारी आवडे. बेबा रडत गुरुजींकडे गेली. गुरुजी तंबाखू मळत होते. "वाटून खावं," एवढा थोर उपदेश करून त्यांनी चिमूट दाढेखाली ठेवली.

घरी तर बेबाकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. थोरल्या बहिणीचा नवरा उखर्डू धुळ्याहून बायकोला न्यायला शिंदखेड्याला आला होता आणि ट्रान्झिस्टर मिळेपर्यंत जेवणार नाही म्हणून रुसला होता. जेवणार नाही म्हणजे भाजी-भाकरीला शिवणार नाही. दुधात मळलेल्या गोड दशम्या मात्र त्याला चालत. खाटेवर बसून तो चहा पांचट म्हणून कप परत धाडी, आणि बेबाची आई वच्छलाबाई हात जोडून उभी!

"माय, हाऊ आपलीच दशमी खास आनि आपलावरच गुरकावस. तू हात का जोडस?"

"हळू बोल! जवाई शे तो. त्याले काई बोलतस का?"

बेबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे धनसिंगही जावईच होता!

दुसरीच्या वर्गाला ही बातमी लगेच पटली, कारण असला एखादा नग ज्याच्या त्याच्या घरी येऊन गेलेला होता. मधल्या सुट्टीत धनसिंग येताच पोरींनी त्याच्या पायांवर पाणी ओतलं, कपाळाला खडूचा टिळा लावला आणि डबा पुढे केला. "ल्या जवाईबापू, लाजू नका!"

धनसिंग छाती फुगवून बसला. गाढवाला वाटलं, आपल्याला सगळे घाबरले.

पण जावई आला की त्याच्यासोबत लेक धाडावी लागते, हेही पोरांना ठाऊक होतं. पहिलीतली ताई नावाची चिमुरडी आनंदानं तयार झाली. शाळा सुटल्यावर ती पाटीचं बोचकं डोक्यावर घेऊन धनसिंगच्या मागे निघाली, आणि तिच्या मागे अख्खी दुसरी गळा काढून रडत निघाली. "आम्हनी ताईले जपा, जवाईबापू!" भर बाजारात चौथीची पोरं खिदळू लागली. धनसिंग पळाला, तशी ताईही पळाली आणि थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. "मी नांदाले उनू," तिनं त्याच्या आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धनसिंग गुरुजींपुढे हमसून हमसून रडत होता. "गुरुजी, ह्या पोरी मले जवाई म्हंतस! मले दशमी नको!"

बेबा उड्या मारत घरी आली. आता अख्खी दशमी तिची होती. पण घरातली शेवटची दशमी उखर्डूच्या ताटात होती. बेबा त्याच्यासमोर उभी राहिली.

"जवाईबापू, अक्काले कधी ली जाशात?"

"आधी ट्रान्झिस्टर येऊ द्या, मग बघू," म्हणत त्यानं दूध भुरकलं.

बेबाने वाट पाहिली. तो रडेना की पळेना.

"माय, याना परीस धनसिंग बरा," ती म्हणाली. "त्याले रडू तरी उनं."

आणि तिनं ताटातली दशमी उचलली. उखर्डू आ वासून सासूकडे बघत राहिला. वच्छलाबाईचे जोडलेले हात सुटले. तिनं पदरानं बेबाचा डबा पुसला आणि उघडून पुढे धरला.