बारा औंसांची पसंती

कराडात बॉक्सिंगचे हातमोजे माणूस बघून पसंत करतात; माणसाने मोजे पसंत करायची पद्धत आमच्याकडे नाही. तीन जोड्यांनी नाकारलं की शिकवणीच्या यादीतून नाव कायमचं कमी होतं. मला दोन जोड्यांनी नाकारलं होतं आणि सोमवारी शिकवणी सुरू होणार होती.

मी शालन जगदाळे, वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांची बोलणी खाल्ली आहेत. बॉक्सिंग का शिकायचंय, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला मारायचं होतं. अमक्याला तमक्याला नाही, नुसतं दणादण मारायचं होतं. त्या विचाराने मला भर कचेरीत गुदगुल्या व्हायच्या.

पहिल्या जोडीला माझं मनगट बारीक वाटलं. दुसरी सोळा औंसांची, वजनदार घराण्यातली. तिने माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. दुकानदार मुळीक म्हणाले, "वहिनी, नवशिक्यानं बारा औंसांत बघावं. आणि या खेपेला मोठं माणूस आणा बरोबर."

म्हणून मी नणंदेला नेलं. कुमुदवन्सं एकसष्ट वर्षांच्या, अंगाने काडी, आणि आजवर सात लग्नं जमवलेल्या. ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. "तू तोंड उघडू नकोस," त्यांनी पायरीवरच बजावलं. "मी बघते सगळं."

मोजे सतरंजीवर लोडाला टेकून बसले होते. लाल, कोरे, बारा औंसांचे. पोहे मुळीकांनी केले होते, कारण पसंतीआधी मोजे दुकानाबाहेर पडत नाहीत. मोजे पोहे खात नाहीत, पण समोर पाटावर बशी लागते. शेजारी मुठीला गुंडाळायची पट्टी होती, ती त्यांची आत्या. दातांचं कवच गरम पाण्याच्या वाटीत बसलं होतं. मऊ पडल्याशिवाय ते मत देत नाही.

बोलणं उजवा करत होता. डावा नुसता अंगठा हलवायचा.

"बाईंना राग येतो का?" उजव्याने विचारलं.

"छे हो!" वन्सं म्हणाल्या. "गरीब गाय आहे आमची. घरात आल्यापासून एकदा आवाज चढवलेला नाही."

डाव्याचा अंगठा थांबला.

"कोणी अंगावर आलं तर?"

"खाली बघते. वळणच तसं आहे."

"आणि समजा, लागलं कुठं?"

"कळूसुद्धा देत नाही," वन्संनी अभिमानाने सांगितलं. सात लग्नं त्यांनी याच उत्तरांवर जमवली होती. मी त्यांना कोपराने ढोसलं, तर त्यांनी माझा पदर सारखा केला.

उजवा आत्याशी काहीतरी कुजबुजला. मग अदबीने म्हणाला, "कळवतो आम्ही."

कळवतो म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही. मुळीकांनी खाली मान घालून बशा गोळा करायला घेतल्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता पुन्हा खिडकी, आणि तीही निवृत्तीपर्यंत.

वन्सं माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे गं. शालनला सवय आहे सोसायची."

"नाही सवय!" मी ओरडले आणि पाटावर अशी मूठ हाणली की पोहे छताला लागले. "बावीस वर्षं सोसतेय, अजून झालेली नाही सवय! गाय म्हणे! मला मारायचंय, वन्सं! तुम्हालासुद्धा दोनदा मारावंसं वाटलंय!"

वन्संच्या केसांत शेंगदाणा अडकला होता. मला लाज वाटायला हवी होती, पण हसू फुटत होतं.

"बाई," उजवा म्हणाला, "मूठ मिटताना अंगठा आत ठेवलात. मोडेल एखाद्या दिवशी."

मी अंगठा बाहेर काढला.

"हां. आता पुन्हा."

मी पुन्हा हाणली. आत्या आपणहून उलगडली आणि माझ्या मनगटाला गुंडाळायला लागली. कवचाने वाटीतून 'हरकत नाही' असं कळवलं. डावा पहिल्यांदाच बोलला. तो म्हणाला, "सोमवारी किती वाजता निघायचं?"

मुळीकांनी साखर वाटली. मी इतकी हसत होते की माझी साखर सांडली.

वन्संनी मात्र साखर हातातच धरली होती. मग केसांतला शेंगदाणा काढून खाल्ला, पदर खोचला आणि उजव्याकडे सरकून बसल्या.

"तुमच्यात," त्या हळूच म्हणाल्या, "दहा औंसांचं कोणी आहे का बघण्यातलं?"

"धाकटी पाती आहे," उजवा म्हणाला. "पण स्वभावाने जरा तापट."

"चालेल," वन्सं म्हणाल्या.

मुळीक पोहे भिजवायला आत गेले.