साडूभाऊंचा झेंडा

"बोट चालवणं म्हणजे काय हो! स्कूटरच ती. फक्त रस्ता ओला!" लाइफ जॅकेटचा पट्टा पोटावरून ओढत थोरले जावई म्हणाले. पट्टा पोटाला जेमतेमच पुरत होता, पण आत्मविश्वास मात्र चारी बाजूंनी उतू जात होता.

सासूबाईंचा साठावा वाढदिवस. त्यासाठी सगळं घर खाडीकाठी सहलीला आलेलं, आणि थोरल्या जावयांनी सगळ्यांना फिरवायला म्हणून स्वतः चालवायची मोटरबोट भाड्याने घेतलेली. आता खरं सांगायचं तर ही बोट सासूबाईंसाठी नव्हतीच. ती होती डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून!

डॉक्टर म्हणजे धाकटे जावई. दातांचे डॉक्टर.

थोरल्यांचं गाद्यांचं दुकान. डॉक्टर घरात येईपर्यंत त्या घरात जावई म्हणजे थोरलेच, दुसरं कुणी नाही. त्यांनी दिलेल्या गादीवर सासूबाई झोपायच्या आणि सकाळी उठून साऱ्या इमारतीला सांगायच्या, "पाठ कशी ती दुखत नाही बाई!" मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि हे आले. सडपातळ, हसरे, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले. एवढ्यावर भागलं असतं तरी थोरल्यांनी सोसलं असतं. पण या माणसाला स्कूबा डायव्हिंगचा नाद! पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि जायचं पाण्याच्या तळाशी माशांची चौकशी करायला.

तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडी एकच धोशा. "आमचे डॉक्टर समुद्राच्या तळाशी जाऊन येतात!"

"आणि मोठे जावई?" शेजारीण विचारायची.

"ते होय? ते गाद्यांचं बघतात."

ते गाद्यांचं बघतात! हे वाक्य थोरल्यांच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. गिळवत नव्हतं आणि बाहेरही येत नव्हतं.

आज वाढदिवसाच्या दिवशीही डॉक्टर सकाळीच काळा रबरी पोशाख चढवून तयार. सोबत त्यांचा नेहमीचा जोडीदार, एक अबोल प्लंबर. सासूबाई डॉक्टरांभोवती फिरून फिरून त्यांना न्याहाळत होत्या. "अगं बाई, जपून हं! आणि दिसता किती रुबाबदार!"

नेमकी त्याच वेळी बोटवाली बाई थोरल्यांना सूचना देत होती.

"लाल झेंडा दिसला, त्यावर पांढरा तिरका पट्टा, की समजायचं खाली माणूस आहे. लांबूनच वळायचं. बुडबुडे दिसले तर इंजिन बंद. ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय," थोरले म्हणाले. डोळे डॉक्टरांच्या सपाट पोटावर खिळलेले, दोन्ही कान सासूबाईंकडे. उरलेल्या जागेतून डोक्यात शिरलं ते एवढंच: लाल झेंडा दिसला की वळायचं.

डॉक्टर आणि प्लंबर पाण्यात शिरून दिसेनासे झाले. थोड्या वेळाने बोट निघाली. पुढे थोरले, शेजारी त्यांची बायको, मधल्या बाकावर सासूबाई आणि मागे धाकटी मेव्हणी. मेव्हणीला बोट लागली. धक्का सुटायच्या आत तिने काठावरून डोकं बाहेर टाकलं ते टाकलंच.

"कसं वाटतंय, आई?" थोरल्यांनी विचारलं.

"छान हो! आत्ता आपल्या खाली डॉक्टर असतील, नाही?"

थोरल्यांनी दात ओठ खाऊन वेग वाढवला. बोट माजलेल्या म्हशीसारखी उधळली. तेवढ्यात समोर पाण्यावर लाल झेंडा दिसला. पांढरा तिरका पट्टा. हां, इथेच वळायचं! त्यांनी बोट सरळ झेंड्यावर घातली.

"अहो, लांबून वळा ना!" बायको ओरडली.

"वळण कसं झेंड्याला घासून घ्यायचं असतं!" थोरले म्हणाले आणि वेग कमी करून झेंड्याजवळ आले.

सासूबाई पुढे वाकल्या. "किती गोड झेंडा! घरी नेऊन गॅलरीत लावावा असा."

थोरल्यांचं काळीज उचंबळून आलं. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी त्यांच्याकडे गादी सोडून काही म्हणून मागितलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं. त्या दिवशी त्यांच्या हातून एवढी एकच गोष्ट बरोबर झाली आणि तीही झेंडा नीट धरता यावा म्हणून! झेंड्याखाली तरंगता गोळा होता आणि गोळ्याला दोरी. त्यांनी गोळा बोटीत घेतला आणि दोरी ओढायला लागले.

दोरीने उलटा हिसका दिला.

"मासा!" थोरले किंचाळले. "आई, मासा! चांगला डॉक्टरांएवढा आहे!"

"ओढा, जावईबापू, ओढा!"

इतक्या जिव्हाळ्याने सासूबाई त्यांना कधी काही म्हणाल्या नव्हत्या. थोरल्यांनी पाय रोवले, गाद्यांचे गठ्ठे उचलून कमावलेली सगळी ताकद पणाला लावली. खालून हिसका, वरून हिसका! आणि एकाएकी दोरी सैल पडली. थोरले पाठीवर उताणे, पाय आभाळात, आणि दोरीच्या टोकाला सपकन बोटीत आली एक फिरकी. पतंगाची असते ना, तशी. प्लॅस्टिकची.

"हा कसला मासा?" सासूबाई म्हणाल्या.

मागे मेव्हणीने पहिल्यांदाच डोकं वर काढलं. चेहरा आधीच हिरवा, तो आता पांढरा पडला.

"भाऊजी! ही फिरकी यांच्या हातात असते! हा यांचा झेंडा आहे! तो बघूनच बोटी लांब राहतात, नाहीतर वर येताना डोक्यात पंखा बसेल ना एखादीचा!"

थोरले धडपडत उठून बसले. डॉक्टरांचं नाक कापावं असं त्यांना शंभरदा वाटलं होतं, पण ते बोलण्यातलं हो! असं नव्हे!

"ते बघा बुडबुडे!" बायकोने हात करून दाखवलं. बोट वाहत थोडी लांब आली होती, आणि पलीकडे पाणी उकळल्यासारखं फसफसत होतं. त्याच वेळी कानावर आली घरघर. पाण्यावरच्या स्कूटरी, तीन पोरं आणि तीन स्कूटरी, सुसाट!

थोरले बोटीत उभे राहिले आणि जीव खाऊन झेंडा हलवू लागले. "लांब! लांब जा! खाली माणूस आहे!"

इंजिनांच्या आवाजात त्यांचं ओरडणं कोण ऐकणार? पोरांना दिसला तो झेंडा हलवणारा एक उत्साही गृहस्थ. म्हणजे शर्यतीची शेवटची रेघ! तिघांनी आनंदाने आरोळी ठोकली आणि स्कूटरी सरळ झेंड्याकडे वळवल्या. बुडबुडे बरोबर वाटेत!

"अहो, ते तर इकडेच यायला लागले!"

थोरल्यांना पोहता येत नव्हतं. पण जॅकेट होतं. त्यांनी झेंडा दातांत धरला, डोळे मिटले आणि उडी मारली. पाण्याचा असा काही आवाज झाला की काठावरचे पक्षी उडाले! हातपाय मारत, निम्मी खाडी पीत ते बुडबुड्यांवर पोचले आणि झेंडा उंच धरून तरंगत राहिले. मागे बोटीत सासूबाई उभ्या राहिल्या.

"थांबाऽऽ! मेल्यांनो, माझा जावई आहे तिथे!"

इंजिनापेक्षा मोठा आवाज त्या पोरांनी जन्मात ऐकला नसावा. तिन्ही स्कूटरी गर्रकन वळल्या आणि लांब जाऊन गप्प उभ्या राहिल्या. पण पाण्यात गटांगळ्या खाताना थोरल्यांच्या मनात आलं ते एवढंच: माझा जावई म्हणजे कुठला? वरचा की खालचा?

खालून बुडबुडे येत होते आणि थोरल्यांच्या पोटाला गुदगुल्या करत होते. म्हणजे माणूस श्वास घेतोय! साडूच्या श्वासाने त्यांना जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं. बुडबुडे डावीकडे सरकले की ते डावीकडे, उजवीकडे सरकले की उजवीकडे. सावलीसारखे! आता प्राण गेला तरी डॉक्टरांच्या डोक्यावरून हलायचं नाही!

बराच वेळ गेला. मग शेजारीच पाणी फुटलं आणि डॉक्टरांचं डोकं वर आलं. पाठोपाठ प्लंबरचं. डॉक्टरांनी तोंडातली नळी काढून धापा टाकत विचारलं, "दादा? तुम्ही?"

"मी पहारा देत होतो!" थोरले दात वाजवत म्हणाले. "एकाही बोटीला येऊ दिलं नाही!"

"अहो, दोरीला कुणीतरी हिसके मारले. बोटीच्या पंख्यात अडकली असं समजून आम्ही ती सोडली. मग वर यायला निघालो तर डोक्यावर एक अजस्र काळी बोट! इकडे सरकलो की इकडे, तिकडे सरकलो की तिकडे! वर यायची सोयच नाही. हवा संपत आली, हे बघा, काटा पार लाल पट्ट्यात!"

"मग?"

"मग यांच्या लक्षात आलं," डॉक्टरांनी प्लंबरकडे बोट केलं.

प्लंबर दिवसभरात पहिल्यांदा बोलला. "बोटीला पाय नसतात."

काठावर आल्यावर सगळं बाहेर आलं. बोटवालीने थोरल्यांना असं झापलं की पाणी प्यायलेलं बरं वाटावं. मेव्हणीने नवऱ्याला मिठी मारली आणि भाऊजींकडे बघितलंसुद्धा नाही. थोरले हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, चुकलं माझं. झेंडा मीच ओढला." डॉक्टर हसले, आणि स्वतःचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. हसतानाही दात काय सुंदर! थोरल्यांना परत जरासं जळजळलं.

तेवढ्यात सासूबाई जवळ आल्या. त्यांनी थोरल्यांच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला.

"जावईबापू, मूर्खपणा केलात तो केलात. पण पोहता येत नसताना उडी मारलीत, ती मी पाहिली."

थोरल्यांची छाती अशी फुगली की जॅकेटचा पट्टा तटकन तुटला.

"फक्त पुढच्या वेळी उडी डॉक्टरांसारखी मारा," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं पोटच आपटलं आधी."

"आई, डॉक्टरांची उडी तुम्ही पाहिलीत तरी कधी? ते तर चालत पाण्यात गेले!"

"पाहिली नाही," सासूबाई म्हणाल्या, "पण छानच असणार."