चंद्राची सोयरीक

तिकोणा पेठेच्या हौशीरामआबांनी उभ्या जन्मात साठ लग्नं जुळवली, एकही मोडलं नाही. भावकी, देवक, मामाकूळ बघितल्याशिवाय ते सुपारी फुटू देत नसत. त्यामुळे चंद्राचा नर म्हातारपणानं मेला, तेव्हा नवा जोडीदार शोधायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोडलं नाही. चंद्रा म्हणजे त्यांनी काचेच्या पेटीत जिवापाड सांभाळलेली ठिपक्यांची परदेशी पाल.

स्थळ परंदवडीच्या मकसूदकडचं निघालं. "त्येचं आडनाव येगळं, गाव येगळं. भावकी येतीच कुटनं?" असं म्हणत आबांनी नर घरी आणला. यथावकाश दोन अंडी फुटली. एका पिल्लाचा कणा वाकडा, दुसऱ्याला डोळेच नाहीत.

आंधळं तिसऱ्या दिवशी गेलं. आबा त्या दिवशी जेवले नाहीत, वाकड्याला चिमट्यानं किडे भरवत बसून राहिले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जवळच्या रक्तातली जोडी लावली की असं होतं. नर कुणाचा?"

आबांनी मकसूदला फोन लावला.

"आवो आबा, आमच्या आयराच्या वाढदिवसाला तुमीच दिलतं की! चंद्राचंच पिल्लू त्ये!"

आबांनी कपाळावर हात मारला. दरवर्षी पिल्लं मावळभर पेढ्यासारखी वाटणारे तेच! पण माणूस इरेला पेटला. "आता परमुलखातलाच नर आनीन, न्हाईतर चंद्रा बिनलग्नाची ऱ्हाईल!" मावळातली आठ स्थळं त्यांनी पालथी घातली; आठही चंद्राचीच लेकरं. शेवटी लोणावळ्याचा सत्यम म्हणाला, "आबा, बिनधास्त न्या. खास हैदराबादहून मागवलाय."

घरी आबांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, चष्मा लावून नवरदेव निरखला. डाव्या पायाला एक बोट कमी.

"आगं बया! अवं, ह्यो आपला बाळ्या! कपाटाच्या दारात माज्याच हातनं बोट गेलतं त्येचं. किल्ला बगाया आलेल्या त्या हैदराबादच्या पावण्याला कुनी दिला ह्यो? जावई आनाया गेलता आन नातू घिऊन आला!"

आबांनी बाळ्यासाठी वेगळी पेटी पुसून मांडली, वाकड्याला एक किडा भरवला आणि डोक्यावर टोपी चढवली.

"आता कुटं निगाला?"

"कोल्हापूर. एक जावई बगायचाय आन एक नातसून. मावळात आपल्याला परकं कुनी ऱ्हायलंच न्हाई."