तहानलेली बॅटरी

पांढुर्ण्याच्या भैय्याजींची जीभ एकदा सुटली की तिला ब्रेक नसे. लेकीचं, डिंपलचं लग्न ठरवायला सौसरहून नवरदेवाचे वडील रघुनाथराव आले, अंगणातली जुनी मोटार पाहून हरखले, आणि भैय्याजी सांगून बसले, "आमच्या बाबूजीची गाडी हाये जी. नट न् नट ओरिजिनल. बॅटरीसुद्धा!"

"माह्या जीपचीबी तशीच हाये," रघुनाथराव म्हणाले. "नवरदेव मांडवात येईन तर तुमच्या याच गाडीत! पण शनिवारी येऊन बोनेट उघडून पाहीन."

आता आली का पंचाईत! बाबूजींची बॅटरी केव्हाच निकालात निघाली होती. तिच्या काळ्या खोक्यात त्यांची बायको प्रेमलताबाई खिळे ठेवायच्या. शब्द खोटा पडला तर व्याह्यांपुढे जन्मभर मान खाली. भैय्याजींनी खिळे ओतून दिले आणि हेमराज मिस्त्रीकडून खोक्यात एक छोटी, सीलबंद नवी बॅटरी बसवून घेतली. ती आत खडखड वाजू लागली.

"थर्माकोल भरा ना," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"घरात कापसाचा ढीग पडून राहिला, अन् थर्माकोल कशाले इकत आणू?"

भैय्याजींनी शेतातला कापूस सरकीसकट कोंबला. हेमराजनं वरून जुनं झाकण डांबरानं पक्कं केलं, जुनी बुचं लावली. खुद्द बाबूजींनीही ओळखली नसती.

शनिवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. रघुनाथरावांनी बॅटरीला चक्क हात जोडले. भैय्याजी फुगले. तेवढ्यात व्याह्यांनी पिशवीतून बॅटरीच्या पाण्याची बाटली काढली.

"म्हातारीले पाणी पाजलं पायजे जी."

"नको, नको!"

"काऊन?"

का ते सांगितलं तर बिंगच फुटणार. बुचं निघाली, बाटली रिकामी झाली. मग दुसरी.

"लय पेते हो हे!"

"बाबूजीच्या काळचं खाणंपिणंच तसं," भैय्याजी घाम पुसत बोलले. या गडबडीत एक बूच लावायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात लग्न. नवरदेव फेटा बांधून ऐटीत गाडीत बसला. किल्ली फिरली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बँडवाले थांबले. दोघे व्याही बोनेट उघडून आत वाकले.

बूच नसलेल्या भोकातून कपाशीचं कोवळं रोप दोन पानं पसरून वर बघत होतं.

भैय्याजींना धरणी ठाव देईना. लग्न मोडलंच, असं त्यांना वाटलं. पण रघुनाथरावांनी इकडेतिकडे पाहून बोनेट धाडकन लावलं आणि ओरडले, "पेट्रोल संपलं, जीप आणा रे!" मग कानाशी येऊन पुटपुटले, "सरकी काढून भराचा होता ना जी कापूस. जीपमंदी मीनं थर्माकोल भरला."

भैय्याजींनी आ वासला. "मंग पाणी कशाले पाजलं?"

"मले वाटलं," व्याही ओशाळून म्हणाले, "तुमची तरी खरी असन."